खुब्यातील दुहेरी सांधा : दीर्घ मुदतीचा ताळेबंद

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या भिलाई शाखेचे रूपच पालटते. हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक ग्राहकांची सकाळपासून रीघ लागते. ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून हा दाखला घरबसल्या देता येतो. तथापि स्वतः बँकेत येऊन, ओळखीच्या अधिकाऱ्याशी चार शब्द बोलून सही करण्यातच अनेक ज्येष्ठांना समाधान वाटते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हालाही वाटते.

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण माणसे येथे आली; अमरावती, वर्धा, नागपूर, भंडारा या आपल्या जिल्ह्यांतूनही बरीच आली. ते तरुण आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. एके काळी पाळी सुटली की सायकलींची रांग लागावी तसे हे शहर होते. आज आमच्या काउंटरपुढे काठ्यांची आणि वॉकरची रांग लागते. कोण कोणत्या पायावर भार देतो, पायरी चढताना कोण क्षणभर थांबतो, हे पाहण्याची मला अलीकडे सवयच जडली आहे. ही सवय घरच्या एका प्रसंगामुळे लागली आणि प्रस्तुत लेखाचे निमित्तही तोच प्रसंग होय.

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात माझी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. त्या वेळी तिचे वय ६८ होते. वडील १९८० च्या दशकात कारखान्याच्या रेल मिलमध्ये नोकरीस लागले, तेथूनच निवृत्त झाले आणि २०१६ मध्ये निवर्तले. धाकटा भाऊ बंगळूरला असतो. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी बँकेतून धावत पोहोचले तेव्हा शेजारच्या काकू तिच्या उशाशी बसून होत्या आणि आई त्यांनाच धीर देत होती. “काही होत नाही गं मला, मुरगळला असेल पाय,” असे ती पुनःपुन्हा म्हणत होती. पण उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळला होता. खुब्याचे हाड मोडल्याची ही ठळक खूण असते, हे मला नंतर कळले. क्ष-किरण चित्रात मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यातील गोळ्याच्या लगतचा निमुळता भाग, तुटून सरकलेली दिसली.

संमतिपत्रावरील एक ओळ

शहरातील एका रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात शल्यविशारदांनी मला टेबलाशी बोलावून घेतले. गोळा व वाटी दोन्ही बदलावी लागतील, असे त्यांनी सांगितले. त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. विचार करावयाचा होता तो पुढच्या एका ओळीचा. संमतिपत्रावर सांध्याच्या प्रकारासमोरची जागा रिकामी होती. एक नेहमीचा सांधा आणि दुसरा ‘ड्युअल मोबिलिटी’, अर्थात दुहेरी हालचालीचा. दोहोंच्या किमतीतील फरक माझ्या एका महिन्याच्या वेतनाहून अधिक होता. विम्याच्या मंजुरीपत्रात सांध्यासाठी रकमेची मर्यादा घातलेली असल्याने तो फरक आम्हालाच भरावयाचा होता.

आईला चार वर्षांपासून कंपवाताचा त्रास आहे. हाताला कंप सुटतो, चालताना तोल जातो. खुब्याचे हाड मोडल्यावर बसविलेला कृत्रिम सांधा निखळण्याचा धोका झिजेमुळे बसविलेल्या सांध्यापेक्षा मुळातच जास्त असतो, आणि कंपवाताच्या रुग्णात तो आणखी वाढतो. “मॅडम, निखळलेला सांधा रात्री दोन वाजता पुन्हा बसवावा लागतो, आणि एकदा निखळला की दुसऱ्यांदा निखळण्याची भीती राहते,” असे डॉक्टर म्हणाले. म्हणून दुहेरी सांधा घ्यावा, हे त्यांचे मत होते. मी विचारले, तो किती वर्षे टिकतो? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले की या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही तुम्हाला ऐकावी लागतील.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला टिकाऊपणाच्या आकड्याचे आकर्षण असते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्या एका रात्रीत आणि नंतरच्या कित्येक महिन्यांत मी या विषयावर मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. परंतु ज्या घरांत असा निर्णय अचानक घ्यावा लागतो त्यांना उपयोगी पडेल, या हेतूने ते येथे मांडीत आहे.

सेंट-एतिएनची युक्ती

शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो की खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. कमरेच्या हाडात खोलगट वाटी आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला तीत फिरणारा गोळा. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकची वाटी आणि पोलादाचा लहान गोळा वापरून कृत्रिम खुब्याला आजचे रूप दिले. गोळा मुद्दाम लहान ठेवलेला होता, त्याचा व्यास जेमतेम २२ मिलिमीटर. गोळा लहान म्हणजे घर्षण कमी आणि झीजही कमी, हे त्यांचे गणित होते व ते खरे ठरले. पण लहान गोळ्याचा एक दोष असतो. वाटीच्या काठावर चढून बाहेर पडण्यास त्याला फार अंतर जावे लागत नाही. त्याच काळात धातूचे मोठे गोळे वापरणारेही शल्यविशारद होते. त्यांचे सांधे सहसा निखळत नसत, परंतु घर्षण जास्त होई. एक साधावे तर दुसरे सुटावे, अशी ही अडचण होती.

ही अडचण फ्रान्समधील सेंट-एतिएन या गावी सुटली. प्राध्यापक जिल बुस्के आणि अभियंता आंद्रे रांबेर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथे दुहेरी सांध्याची कल्पना साकारली. सेंट-एतिएन हे कोळशाच्या खाणींचे, पोलादाचे आणि शस्त्रनिर्मितीचे जुने कामगार शहर. भिलाईत राहणाऱ्या माणसाला हा योगायोग सुखावून जातो, हे कबूल केले पाहिजे. माझे वडील असते तर ‘हे बेअरिंगवाल्याचेच डोके आहे’ असे म्हणाले असते, आणि ते चुकीचे ठरले नसते.

युक्ती अशी की लहान गोळा थेट वाटीत न ठेवता प्रथम एका मोठ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात बसवायचा. प्लॅस्टिकच्या गोळ्याचे तोंड आतल्या गोळ्यापेक्षा किंचित अरुंद असते. त्यामुळे टिचबटण दाबून बसवावे तसा तो दाबून बसवावा लागतो आणि मग सहज निघत नाही. हा प्लॅस्टिकचा मोठा गोळा धातूच्या गुळगुळीत, चकाकत्या वाटीत मोकळा फिरतो. म्हणजे एका सांध्यात दोन सांधे झाले. चालणे, वळणे अशा नेहमीच्या हालचाली आतल्या लहान सांध्यात होतात, म्हणून घर्षण कमी राहते. पाय अधिक वाकला की गोळ्याखालची धातूची मान प्लॅस्टिकच्या काठाला टेकते आणि तेथून पुढे बाहेरचा मोठा सांधा फिरू लागतो. वाटीतून बाहेर पडावयाचे झाले तर ते मोठ्या गोळ्याला पडावे लागेल, आणि त्यासाठी त्याला बरेच अंतर वर चढावे लागते. नैसर्गिक सांध्याचा गोळाही मोठाच असतो. बुस्के यांनी एका अर्थी निसर्गाची प्रत काढली आणि तिच्या पोटात चार्नलींचा लहान गोळा ठेवला.

मान प्लॅस्टिकच्या काठाला टेकते, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. पुढच्या सगळ्या हिशेबाचे मूळ तेथे आहे.

फ्रान्समध्ये हा सांधा रुजला, मात्र इतरत्र त्याची दखल फार उशिरा घेतली गेली. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती थेट २००९ साली. उशीर झाल्याचा एक फायदा असा की जगाने तो स्वीकारला तेव्हा त्याच्या पाठीशी तीन दशकांचा अनुभव जमा झालेला होता. नव्या यंत्राबाबत असे क्वचितच घडते.

बावीस वर्षांनंतर

डॉक्टरांचे पहिले उत्तर निखळण्याविषयी होते, आणि ते निःसंशय आनंदाचे आहे. सेंट-एतिएनच्या चमूने १९८५ ते १९९० या काळात बसविलेल्या २४० सांध्यांचा सुमारे २२ वर्षांचा पाठपुरावा २०१२ साली प्रसिद्ध केला. त्या २४० पैकी एकही सांधा वाटीतून निखळला नव्हता. नेहमीच्या सांध्यात प्रथम शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे शंभरात एक ते तीन निखळतात, आणि दुसऱ्यांदा बदललेल्या सांध्यात हे प्रमाण बरेच अधिक असते, हे लक्षात घेतले म्हणजे या शून्याचे मोल कळते. पुढे २०१८ मध्ये निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात प्रथमच बसविलेले १०,७८३ दुहेरी सांधे होते. सरासरी साडेआठ वर्षांत वाटीतून निखळण्याचे प्रमाण ०.४६ टक्के, म्हणजे दोनशेत एकाहूनही कमी होते आणि ९८ टक्के सांधे जागेवर होते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केलेल्या ३,००८ सांध्यांत निखळण्याचे प्रमाण २.२ टक्के भरले. जेथे धोका मुळात जास्त, तेथे हा आकडा फारच चांगला समजला जातो.

दुसरे उत्तर टिकाऊपणाविषयी होते. वर उल्लेखिलेल्या २४० सांध्यांपैकी २२ वर्षांनंतर टिकून राहण्याचे प्रमाण ७४ टक्के निघाले. उरलेल्यांची वाटी ढिली झाली किंवा प्लॅस्टिक झिजले. शिवाय सुमारे ४ टक्के सांध्यांत एक नवीनच बिघाड आढळला. तो फक्त याच सांध्यात होऊ शकतो. धातूची मान वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या काठाला टेकून टेकून तो काठ झिजवते, टिचबटण सैल होते आणि एके दिवशी आतला लहान गोळा प्लॅस्टिकमधून निसटतो. बाहेरचा गोळा वाटीतच असतो, पण आतला सांधा तुटलेला. याला सांध्याच्या आतल्या आत निखळणे म्हणता येईल. नेहमीचा निखळलेला सांधा बहुधा भूल देऊन, पाय ओढून परत बसविता येतो. हा बसत नाही, तो उघडूनच दुरुस्त करावा लागतो, आणि उशीर झाला तर धातूचा गोळा धातूच्या वाटीवर घासून वाटीही खराब करतो. त्याच केंद्राने १,९६० शस्त्रक्रियांपैकी ८१ रुग्णांत हा प्रकार घडल्याचे २०१३ मध्ये नोंदविले. आपल्याच गावच्या शोधातील उणीव इतक्या स्वच्छपणे मांडणाऱ्या या मंडळींविषयी मला विशेष आदर वाटतो.

प्रथम वाचले तेव्हा ७४ टक्के या आकड्याने माझ्या पोटात गोळा आला. पण ताळेबंदाचा आकडा टीपा वाचल्याशिवाय समजत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगावयास नको. पहिली टीप अशी की हे सांधे जुन्या घडणीचे होते. त्या वाटीच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनाचा थर असे, त्यावर हाड नीट रुजत नसे, म्हणून ती ढिली होई. पुढे टायटॅनियम व हायड्रॉक्सिॲपेटाइट या हाडाशी मैत्री करणाऱ्या पदार्थांचे लेप आले. मान अधिक बारीक व गुळगुळीत झाली, प्लॅस्टिकही सुधारले. २०१८ च्या परीक्षणात आतल्या आत निखळण्याचे प्रमाण १.१ टक्क्यावर आलेले दिसते. त्यातही जुन्या घडणीचे सांधे मिसळलेले आहेत.

दुसरी टीप मोजणीच्या पद्धतीची आहे. सांधा सुस्थितीत असताना रुग्णाचा मृत्यू झाला तर त्या दिवसापासून तो गणतीतून बाहेर जातो. साठी-सत्तरीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २२ वर्षांनंतर मोजावयास थोडेच लोक उरतात, आणि टक्केवारी त्या थोड्यांवर उभी असते. कित्येकांच्या बाबतीत सांध्याची मुदत माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठी ठरते. त्या दिवशी मला हा विचार करवला नाही. आज लिहितानाही हात अडखळतो, परंतु तो केल्याशिवाय निर्णय होत नाही.

आणि तुलना कशाशी करावयाची, हाही प्रश्न आहेच. फिनलंड व ऑस्ट्रेलियाच्या नोंदवह्यांवरून २०१९ मध्ये ‘लान्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सर्व प्रकारच्या कृत्रिम खुब्यांपैकी १५ वर्षांनी ८९, २० वर्षांनी ७० आणि २५ वर्षांनी ५८ टक्के टिकून होते. रुग्ण निराळे, काळ निराळा, म्हणून हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून हार-जीत ठरविता येत नाही. तरी पहिल्या घडणीचा दुहेरी सांधादेखील टिकण्यात इतरांच्या फार मागे नव्हता, एवढे म्हणावयास हरकत नाही.

मी संमतिपत्रावर सही केली. आईला पुढच्या पाच वर्षांत निखळण्यापासून असलेला धोका खरा व जवळचा होता. वीस वर्षांनंतरच्या झिजेचा धोका दूरचा होता. डॉक्टरांनी त्यांचा कल सांगितला होता, पण सही माझी होती.

तिशीतला ग्राहक

हाच हिशेब दुसऱ्या माणसासाठी उलटा होऊ शकतो. गेल्या वर्षी दुचाकीच्या कर्जासाठी एक तरुण शाखेत आला. वय तिशीच्या आतबाहेर. चालताना एका बाजूला झुकत होता. कागदपत्रे पाहता पाहता बोलणे निघाले. त्याला सिकलसेलचा आजार होता आणि दोन्ही खुब्यांचे गोळे खराब झाले होते.

छत्तीसगड आणि आपला विदर्भ हे दोन्ही प्रदेश सिकलसेलने ग्रासलेले आहेत. या आनुवंशिक आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्यातील गोळ्याला होणारा रक्तपुरवठा नाजूक असतो. तो खुंटला की हाड मृत होऊन खचते. त्यामुळे ज्या वयात इतरांना खुबा कोठे असतो याचाही पत्ता नसतो, त्या वयात या तरुणांना सांधेबदलाचा विचार करावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्याचे लक्ष्य २०४७ हे वर्ष आहे. पण ज्यांचा गोळा आज खचला आहे त्यांना आजच उत्तर हवे असते.

अशा रुग्णापुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते. मान आणि प्लॅस्टिकचा काठ यांची गाठ आईच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा पडणार. म्हणूनच पन्नाशी-पंचावन्नीच्या आतील रुग्णांना दुहेरी सांधा बसविताना अनेक शल्यविशारद हात आखडता घेत आले आहेत. नव्या घडणीच्या सांध्यांचे तरुण रुग्णांतील दहा-बारा वर्षांचे निष्कर्ष समाधानकारक आहेत. पण दहा वर्षे म्हणजे चाळीस नव्हेत. शिवाय सिकलसेलच्या रुग्णात हाड कठीण झालेले असते, जंतुसंसर्गाचीही भीती अधिक असते. त्या तरुणाला मी सल्ला दिला नाही, तो माझा अधिकारही नव्हे. दोन्ही प्रकारच्या सांध्यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारा, आणि वीस वर्षांचा आकडा विचारा, एवढे मात्र म्हटले. त्याने ते दोन्ही शब्द कर्जाच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहून घेतले.

नोंदवही

वडिलांच्या खणात आम्हाला त्यांच्या हस्ताक्षरातील एक जाड नोंदवही सापडली. मिलमधील कोणते बेअरिंग कधी बदलले, कोठल्या बनावटीचे बसविले, किती महिन्यांनी पुन्हा आवाज येऊ लागला, याची टिपणे ते स्वतःसाठी घरी लिहून ठेवीत. मिलची अधिकृत नोंद निराळी असे. आई त्यावरून त्यांची थट्टा करी.

सांध्यांचीही अशी नोंदवही असते. स्वीडनने आपल्या सर्व खुबा-शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद १९७९ साली सुरू केली. इंग्लंड व वेल्समध्ये ती २००३ पासून आहे. कोणता सांधा कोणत्या वर्षी बिघडू लागतो, हे तेथे हजारो नोंदींवरून कळते. भारतात खुबा व गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ पासून नोंद ठेवण्यास सुरुवात केली. पण ती ऐच्छिक आहे, आणि आपल्याकडे होणाऱ्या शस्त्रक्रियांचा पसारा पाहता ती अपुरी पडते, हे माझे मत कोणाला कडवट वाटल्यास क्षमा असावी.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. धातूच्या वाटीत धातूचा गोळा असलेला ‘एएसआर’ नावाचा खुबा डेप्यू या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतला. त्याच्या झिजेतून सुटणारे धातूचे कण रक्तात व आसपासच्या मांसपेशींत उतरत असत. आरंभीच्या वर्षांत त्याचीही वाहवा झाली होती. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. केंद्र शासनाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला, तेव्हा त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागलेला नव्हता. नुकसानभरपाईचे सूत्र १.२३ कोटी रुपयांपर्यंत गेले. पण आपल्या खुब्यात कोणत्या बनावटीचा सांधा आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने दावा कशाच्या आधारे करावा?

हे वाचले त्याच दिवशी मी रुग्णालयात जाऊन आईच्या शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागितली. प्रत्येक कृत्रिम भागाच्या वेष्टणावर उत्पादकाचे नाव, माप व तुकडी क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते, आणि ती शस्त्रक्रियेच्या कागदांत चिकटविलेली असते. आईच्या कागदावर अशा चार चिकटपट्ट्या आहेत : वाटी, प्लॅस्टिकचा गोळा, आतला गोळा आणि मांडीच्या हाडातील दांडा. त्या कागदाची एक प्रत आमच्या मुदत ठेवींच्या पावत्यांसोबत लॉकरमध्ये आहे आणि एक भावाकडे. ज्या ग्राहकांच्या घरी कोणाचा सांधा बदलला असेल त्यांनी ही प्रत आवर्जून मागून घ्यावी. ती देण्यास कोणी नकार देत नाही; आपणच मागावयाचे विसरतो.

दुसरी गोष्ट तपासणीची. आतल्या आत निखळणाऱ्या सांध्याचा आरंभी फारसा गाजावाजा होत नाही. आत अचानक काही सरकल्याची भावना होते, खटका ऐकू येतो, पाय किंचित आखडतो. ते ‘वयाचे दुखणे’ म्हणून सोडून दिले जाते. क्ष-किरण चित्रात आतला गोळा वाटीच्या मध्यावर न दिसता एका बाजूला सरकलेला दिसतो. डोळा तयार असेल तर निदान सोपे आहे, पण चित्र काढलेच नाही तर कसे होणार? आईची चित्रे सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने काढली गेली. आता आम्ही वर्षातून एकदा जातो. डॉक्टर जुने चित्र आणि नवे चित्र शेजारी-शेजारी धरतात, माझ्याकडे पाहतात आणि मान हलवितात.

आई आता काठीचा आधार घेऊन कॉलनीतील बागेपर्यंत जाऊन येते. मांडी घालून बसू नये, उकिडवे बसू नये, ही पथ्ये दुहेरी सांध्यालाही पहिले काही महिने तरी पाळावी लागतात, आणि आईच्या कंपवातामुळे डॉक्टरांनी ती पुढेही कायम ठेवली आहेत. देवपूजेसाठी तिला पाटाऐवजी उंच स्टूल दिले, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मग तिनेच देव्हारा उंच टेबलावर ठेवून घेतला. न्हाणीघरात दांडी बसविली आहे. ती खरे तर पूर्वीच बसवावयास हवी होती.

वडिलांच्या नोंदवहीत शेवटची पाने कोरी होती. त्यांतील एका पानावर आईनेच आपल्या थरथरत्या अक्षरात ‘उजवा खुबा, ऑगस्ट २०२२’ असे लिहून खाली प्रत्येक तपासणीची तारीख मांडण्यास सुरुवात केली आहे. पुढील तारखेपुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, कारण त्याच आठवड्यात तिला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेतही यावयाचे आहे. घरबसल्या देता येतो, हे मी तिला दरवर्षी सांगते.